रात्रीचा श्वास, दिवसाचा अभ्यास



या अंकाच्या अभ्यास-पानासाठी घेतलेला विषय वाचून काही जणांना हसू येईल. विषय आहे लहान मुलांचे घोरणे. आपल्या इंदूरच्या घरांतून याला सर्रास 'खर्राटे' म्हणतात, आणि आमचेही सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्याने तोंडात तोच शब्द आधी येतो. लेखात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर आपल्या मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे. विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे आम्हांला गेल्या वर्षी आमच्याच चुकीतून कळले, म्हणून ती हकीकत आधी सांगतो. मुलाच्या आई-वडिलांनी लिहिण्यास परवानगी दिली आहे. नाव अर्थातच देत नाही.

दुसरीच्या वर्गातला हा मुलगा. वय सात. अंगाने किडकिडीत, तोंड सदा किंचित उघडे, बोलणे नाक चोंदल्यासारखे. पाढे म्हणता म्हणता मध्येच तुटायचा. सकाळच्या दुसऱ्या तासाला डुलक्या, आणि मधल्या सुट्टीनंतर अगदी उलट: बाकावर एक मिनिट टिकायचा नाही, शेजारच्याची पेन्सिल ओढ, पुढच्याला ढकल. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत त्याच्या डायरीत शाळेकडून पाच शेरे गेले. 'वर्गात लक्ष नसते', 'वर्गात झोपतो', 'गृहपाठ अपूर्ण', असे. पाचव्या शेऱ्याखाली आमची सही आहे.

घरी रात्री जागरण होत असणार, असे आम्ही धरूनच चाललो होतो. इंदूरमध्ये ही शंका येणे साहजिक आहे. सराफ्यातून रात्री अकरा-साडेअकराला मुलाबाळांसकट परतणारी बिऱ्हाडे आपण सगळेच पाहतो. आईंना बोलावून आम्ही चांगले ऐकवले, की मुलाला नऊच्या आत झोपवा, मोबाइल काढून घ्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो साडेआठलाच झोपतो. सकाळी उठवताना मात्र जीव जातो." आम्हांला ते खरे वाटले नाही. तसे आम्ही बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसले असणारच.

ऑक्टोबरात एक दिवस त्याला वर्गातच कणकण आली. बाईंनी त्याला आमच्या खोलीत आणून बाकड्यावर निजवले आणि घरी फोन केला. आई येईपर्यंत पाऊण तास तो आमच्यासमोर झोपला होता, आणि आम्ही हजेरीचे तक्ते तपासत होतो. पाचच मिनिटांत घोरणे सुरू झाले. एवढ्याशा जिवाच्या मानाने तो आवाज फार मोठा होता. मग आवाज एकदम थांबला. आम्ही मान वर करून पाहिले, तर छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होते, पण नाका-तोंडातून हवेचा आवाज नाही. मग एक मोठा आचका, अंगाला झटका, कूस बदलली, आणि पुन्हा घोरणे. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजू लागलो. एकदा नऊ सेकंद, एकदा बारा. तक्ते तसेच राहिले.

आई आल्यावर विचारले, "हा रोज असाच झोपतो का?"

"रोजच. सर्दीत जास्त. आमच्या सासूबाई म्हणतात, गाढ झोप लागते म्हणून घोरतो."

मग एकेक गोष्ट निघत गेली. मान मागे टाकून झोपतो. रात्रभर गादीभर फिरतो, कधी उठून बसतो आणि बसल्या बसल्याच झोपतो. थंडीतही उशी घामाने ओली होते. सकाळी तोंड कोरडे पडलेले असते, डोके दुखते म्हणतो. जेवण पुढे ठेवले की पोळी चघळत बसतो, गिळायला वेळ लावतो. सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून, त्या म्हणाल्या की अंथरूण अजून ओले होते. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते, कारण त्यांना वाटत होते की त्याचा घशाशी काय संबंध.

संबंध आहे. तो समजण्यासाठी येथे थोडा धडा घेऊ. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, पण पालकांनीही वाचावा.

विद्यार्थी मित्रांनो, आरशासमोर उभे राहा, मोठा 'आ' करा, आणि ताईला किंवा दादाला विजेरी धरायला सांगा. मध्यभागी जी लोंबते ती पडजीभ, जिला शेजारचे हिंदीत 'कौआ' म्हणतात. पडजीभ म्हणजे टॉन्सिल नव्हे. तिच्या दोन्ही अंगांना, कमानीच्या आत, बदामाच्या आकाराच्या दोन गाठी दिसतील, त्या टॉन्सिल. टॉन्सिल 'होत' नाहीत. 'माझ्या मुलाला टॉन्सिल झालेत' असे आपण बोलतो, पण त्या प्रत्येकाला जन्मापासून असतातच. त्या सुजतात किंवा वाढतात. अशीच आणखी एक गाठ नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या बाजूला असते, तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. ती आरशात दिसत नाही. जिभेच्या मुळाशीही असाच भाग असतो. या सगळ्यांचे मिळून घशाभोवती एक कडे तयार होते. वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1884 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला वाल्डायरचे कडे म्हणतात. श्वासाबरोबर आणि अन्नाबरोबर येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला करून देणे हे या कड्याचे काम.

साधारण तीन ते सात या वयात या गाठी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. पुढे चेहरा वाढतो, अ‍ॅडिनॉइड आक्रसत जाते, आणि बहुतेक मुलांचा त्रास आपोआप कमी होतो. म्हणजे बालवाडी ते दुसरी-तिसरी हाच काळ सांभाळायचा, आणि वाचन-लेखनाचा पायाही नेमका याच काळात घातला जातो.

आता मोठ्या गाठी असलेले मूल दिवसा बरे आणि रात्री अडते, असे का? त्यासाठी एक प्रयोग करा. घट्ट शिकंजी कागदी नळीने ओढून पाहा. (आपली इंदुरी, दुधाची शिकंजी, लिंबू-पाण्याने हा प्रयोग होणार नाही.) प्लॅस्टिकच्या नळ्या 1 जुलै 2022 पासून बंद झाल्यामुळे कागदी नळी दुकानात मिळतेच. नळी कोरडी आणि ताठ आहे तोवर काम होते. भिजून मऊ पडली की जितक्या जोराने ओढाल तितकी ती आत चेपते, आणि शेवटी काहीच वर येत नाही. आपल्या घशालाही हाडाची भिंत नाही. जागेपणी तेथले स्नायू ती नळी ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. निरोगी मुलात जागा पुरेशी असते म्हणून बिघडत नाही. ज्याच्या घशात दोन्हीकडून टॉन्सिल आणि वरून अ‍ॅडिनॉइड दाटलेले आहे, त्याची नळी आधीच अरुंद असते. अरुंद वाटेने हवा जाताना मऊ भाग थरथरतात, ते घोरणे. वाट पुरती मिटली की श्वास थांबतो. छाती ओढत राहते, हवा मात्र जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, मूल अर्धवट जागे होते, स्नायू ताठ होतात, आचका देऊन श्वास सुरू होतो. मूल लगेच पुन्हा झोपते, आणि सकाळी त्याला यातले काही आठवत नाही.

असे रात्रीतून कितीदा तरी होते. मोठ्या माणसात तासाला पाचापर्यंत अशा अडथळ्यांची दखल घेत नाहीत. लहान मुलात तासाला एकाहून जास्त झाले तरी डॉक्टर ते सामान्य धरत नाहीत. दहा तास अंथरुणात असूनही त्या मुलाची झोप तुकड्या-तुकड्यांची होते. आई म्हणत होत्या तो साडेआठला झोपतो, ते खरेच होते.

दिवसा दिसणारी लक्षणे येथूनच येतात. मोठा माणूस झोप अपुरी झाली की पेंगतो. लहान मूल पुष्कळदा उलट वागते. ते चिडते, चुळबुळ करते, कशावर टिकत नाही. बाहेरून ते खोडकर दिसते. वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते, आणि श्वासासाठी रात्रभर जोर लावण्यात शक्तीही खर्च होते, म्हणून काही मुले अंगाने भरत नाहीत. अंथरूण ओले होण्याचे प्रमाणही या मुलांत जास्त असते. अ‍ॅडिनॉइडमुळे कानाच्या आतल्या नळीचे तोंड दबते, पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकू कमी येते. वर्गात तीनदा हाक मारावी लागणाऱ्या मुलाकडे या दृष्टीनेही पाहावे. वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेतल्याने चेहरा लांबट होतो, टाळू उंच आणि दात दाटीचे होतात.

हे काही आज कळलेले नाही. घशातल्या अशा सुजेला सुश्रुतसंहितेत तुंडिकेरी हे नाव आहे. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी 1868 मध्ये अ‍ॅडिनॉइडचा विकार नीट मांडला. 1889 मध्ये लंडनच्या विल्यम हिल यांनी तर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले की शाळेत मागे पडणाऱ्या, 'मठ्ठ' म्हटल्या जाणाऱ्या काही मुलांचे खरे दुखणे नाक-घशाच्या अडथळ्यात असते. शंभराहून जास्त वर्षे झाली. आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र हे कधी सांगितले गेल्याचे आठवत नाही. मुलांच्या झोपेत श्वास थांबण्याचे आधुनिक वर्णन 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या गिलेमिनो यांनी आठ मुलांच्या अभ्यासावरून केले.

आता पुढची हकीकत. आम्ही आईंना एवढेच सांगितले की बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाण्याआधी रात्री मुलाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मूल जागे असते. त्याचा रात्रीचा श्वास डॉक्टरांना दिसणार कसा? पांघरूण छातीवरून काढून, आवाज ऐकू येईल असे दोन-तीन मिनिटांचे चित्रण पुरते. ज्या मोबाइलवरून आम्ही त्यांना बोल लावला होता, तोच येथे कामी आला.

बालरोगतज्ज्ञांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. टॉन्सिल जवळजवळ मध्यभागी एकमेकांना टेकलेले होते. मानेचा बाजूने एक्स-रे काढला, त्यात अ‍ॅडिनॉइडने नाकामागची वाट जवळपास भरलेली दिसली. रात्रभर अंगाला तारा लावून करतात ती झोपेची तपासणी हा खरा निर्णायक उपाय. ती सगळीकडे होत नाही, खर्चाचीही असते. या मुलाची झाली आणि आजार स्पष्ट निघाला. (खर्चाची अडचण असेल त्यांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जावे.)

लगेच शस्त्रक्रिया सांगितली गेली नाही. आधी सहा आठवडे नाकात मारायचा स्प्रे दिला, धूळ आणि धुराची काळजी घ्यायला सांगितले. घरात विडी-सिगारेट असेल तर ती आधी बंद, मुलाच्या खोलीत डासांची कॉइल जाळायची नाही. सौम्य त्रास असलेली कितीतरी मुले एवढ्यावर सुधारतात. या मुलाला थोडा उतार पडला, पण श्वास थांबणे राहिले. मग डॉक्टरांनी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड दोन्ही काढण्याचा सल्ला दिला.

घरात दोन तट पडले. आजींचे म्हणणे, देवाने दिलेली गाठ काढायची कशाला, पोराची ताकद जाईल. वडिलांचे म्हणणे, डॉक्टर लोक हल्ली उगाच कापाकापी करतात. ते आम्हांला विचारायला आले. आम्ही डॉक्टर नाही आणि तसे सांगितलेही. पण त्यांची शंका वेडगळ नव्हती, म्हणून या दोन्ही आक्षेपांवर थोडे सविस्तर लिहितो.

उगाच कापाकापीचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण शाळेतल्या मुलांचेच आहे. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील 611 मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली 389 मुले डॉक्टरांना दाखवली, त्यांनी 174 जणांना शस्त्रक्रिया सांगितली. जी 215 'चांगली' ठरली, ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी त्यांतल्या 99 जणांना शस्त्रक्रिया सांगितली. उरलेली 116 तिसऱ्यांदा दाखवली, पुन्हा 51 जणांना तोच सल्ला. गणिताच्या विद्यार्थ्यांनी वजाबाकी करावी: हजारांत शेवटी 65 मुले टॉन्सिलसकट सुटली. प्रत्येक वेळी डॉक्टर समोर आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना नावे ठेवत होते, मग समोर कोणीही असो. त्या काळी घसा जरा दुखला की टॉन्सिल काढायची पद्धतच होती.

म्हणूनच पुढे मोजमापे ठरली. वारंवार घसा सुजतो म्हणून टॉन्सिल काढायचे, तर अमेरिकेतील डॉ. पॅराडाइझ यांच्या 1984 च्या अभ्यासापासून चालत आलेला हिशेब असा: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा चांगलाच सुजलेला असावा, आणि तशी नोंद असावी. त्याहून कमी असेल तर वाट पाहणे बरे. 'गेल्या वर्षी दोनदा ताप आला' एवढ्यावर कोणी शस्त्रक्रिया सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. पण या मुलाचा प्रश्न सुजेचा नव्हता, श्वासाचा होता. त्याचा घसा फारसा दुखतच नसे. श्वासाच्या अडथळ्याला हा सातचा हिशेब लागू होत नाही. तेथे रात्रीचा श्वास पाहून ठरवतात. आज लहान मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचे हे एक मोठे कारण आहे, आणि पालकांचा गोंधळ नेमका येथेच होतो.

ताकदीचे म्हणाल, तर घशाभोवतीचे कडे पुष्कळ मोठे आहे आणि शरीरात इतरत्रही असे भाग आहेत. ते काम चालू ठेवतात. तरी 'काहीच फरक पडत नाही' असे छातीठोकपणे सांगणेही बरोबर नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे 12 लाख मुलांच्या नोंदींवरून 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लहानपणी या गाठी काढलेल्यांना पुढे श्वसनमार्गाचे आजार काहीसे जास्त आढळले. शस्त्रक्रियेमुळेच तसे झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण गाठी गरजेशिवाय काढू नयेत, एवढे आजींचे म्हणणे आम्ही मान्य करतो. येथे गरज होती. रोज रात्री प्राणवायू कमी पडणारे मूल तसेच ठेवण्यालाही किंमत असते, आणि ती किंमत ते मूल वर्गात आमच्यासमोर मोजत होते.

नाताळच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल देऊन, तोंडातूनच. बाहेर कोठे टाका नाही. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी विचारले, सर्दी-ताप आहे का, आणि कोणता दात हलतो का. दोन दात हलत होते. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे आठवणीने सांगावे, भूल देताना नळी घालावी लागते. किती तास आधीपासून खाणे-पिणे बंद, हे डॉक्टर सांगतात ते तंतोतंत पाळावे. 'बिचाऱ्याला भूक लागली' म्हणून कोणी चोरून बिस्किट देऊ नये. ते जिवावर बेतू शकते. या घरी आजींवर वडिलांनी पहाराच ठेवला होता.

घरी आल्यानंतरचे दिवस मात्र कोणी पुरते समजावून सांगत नाही, आणि आई-वडील घाबरतात. घसा आठ-दहा दिवस दुखतो. दोन दिवसांनी बरे वाटून पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणे पुन्हा वाढते. कान दुखतो, तो घशाचेच दुखणे कानात जाणवते म्हणून. तोंडाला वास येतो. घशात पांढरट थर दिसतो, तो पू नव्हे. जखमेवरची खपलीच ती, ओली असल्याने पांढरी दिसते. आवाज काही दिवस वेगळा येतो. दुखण्याचे औषध मूल रडल्यावर नव्हे, तर लिहून दिलेल्या वेळेला द्यावे, म्हणजे गिळता येते. पाणी पोटात जाणे सर्वांत महत्त्वाचे. घसा कोरडा पडला की दुखणे वाढते. थंड दूध, आइस्क्रीम, पेज, मऊ खिचडी चालते. आपली शेव-पापड मंडळी दोन आठवडे दूर ठेवावीत, इंदुरी घराला हे जड जाते. ज्यांत कोडीन आहे अशी खोकल्याची किंवा दुखण्याची औषधे या मुलांना देऊ नयेत. त्यांनी श्वास मंदावतो, आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल कडक इशारा दिला. कपाटातली जुनी बाटली काढू नये, आणि अ‍ॅस्पिरिनही देऊ नये.

रक्तस्राव हा खरा धोका. तो पहिल्या दिवशी होऊ शकतो, किंवा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, खपली सुटताना. दोन आठवडे रुग्णालयापासून दूर जाऊ नये. मामाच्या गावचा बेत पुढे ढकलावा. या मुलाच्या थुंकीत सातव्या दिवशी पहाटे ताजे रक्त दिसले. वडिलांनी 'सकाळी बघू' म्हटले नाही, तशीच स्कूटर काढली. एक दिवस देखरेखीखाली ठेवले, रक्त आपोआप थांबले. ताजे लाल रक्त दिसले तर थोडे असो की जास्त, वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता फळाविषयी. आई सांगत होत्या, घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री त्या दोनदा दचकून उठल्या, कारण खोलीत आवाजच नव्हता. त्यांनी मुलाच्या नाकाशी हात धरून पाहिला. श्वास चालू होता, तोंड मिटलेले होते. फेब्रुवारीपर्यंत अंथरूण ओले होणे जवळजवळ थांबले, आणि सकाळचा दुसरा तास तो जागा राहू लागला.

पण तो लगेच हुशार झाला, असे कोणी समजू नये. वार्षिक परीक्षेत त्याचे गुण थोडेच वाढले. याचे कारण उघड आहे: दीड-दोन वर्षे जे कानावरून गेले, ते शस्त्रक्रियेने डोक्यात येत नाही, ते शिकवावे लागते. दोन अभ्यासांचे आकडे येथे बोलके आहेत. अमेरिकेत गोझाल यांनी 1998 मध्ये पहिलीतील, वर्गात सर्वांत मागे असलेल्या 297 मुलांची रात्री तपासणी केली. त्यांतील 54 मुलांना, म्हणजे सुमारे 18 टक्क्यांना, झोपेत श्वासाचा त्रास निघाला. ज्या 24 मुलांची शस्त्रक्रिया झाली, त्यांचे गुण पुढच्या वर्षी वाढले. ज्यांच्या पालकांनी उपचार केले नाहीत, त्यांचे होते तसेच राहिले. यावरून खूप आशा वाढल्या. मग 2013 मध्ये 5 ते 9 वयाच्या 464 मुलांवर अधिक काटेकोर अभ्यास झाला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया, निम्म्यांची फक्त देखरेख. सात महिन्यांनी लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. वागणूक, झोप आणि एकूण स्वास्थ्य मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांचे स्पष्टपणे सुधारले. झोपेची तपासणी त्यांच्यात 79 टक्के मुलांची सामान्य झाली. नुसत्या देखरेखीतल्यांतही 46 टक्क्यांची झाली, हेही लक्षात घ्यावे. सौम्य त्रासात धीर धरण्याला अर्थ आहे तो यामुळे. वजन जास्त असलेल्या मुलांत शस्त्रक्रियेने पूर्ण आराम पडेलच असे नाही, तेथे वजनाकडेही पाहावे लागते.

या वर्षी तो तिसरीत आहे. जूनपासून दुसरीच्या बाई त्याला मधल्या सुट्टीत वीस मिनिटे वाचन आणि पाढे घेतात, त्यांनी ते आपणहून सुरू केले. जुनी डायरी आम्ही त्याच्या आईंकडून मागून घेतली आणि त्या पाच शेऱ्यांखाली लिहिले, 'मुलगा आजारी होता. शाळेच्या लक्षात आले नाही.' त्याखालीही आमची सही आहे.

विश्वस्त मंडळाने जुलैच्या बैठकीत आमची एक विनंती मान्य केली, त्याप्रमाणे बालवाडी ते चौथीच्या आरोग्य-पत्रकात या सत्रापासून 'रात्र' असा एक रकाना राहील. त्यात विचारले आहे: आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरतो किंवा घोरते का, झोपेत श्वास थांबलेला किंवा आचका दिलेला पाहिला आहे का, तोंड उघडे ठेवून झोपतो किंवा झोपते का, घाम, अंथरूण ओले होणे, सकाळची डोकेदुखी आहे का, किती वाजता झोप आणि किती वाजता उठणे. (6 ते 12 वयाला 9 ते 12 तास झोप लागते, त्याहून लहानांना जास्त.) माहिती वर्गशिक्षिका आणि आमच्याशिवाय कोणी पाहणार नाही. अंथरुणाविषयीचा प्रश्न ज्यांना कागदावर नको असेल, त्यांनी तोंडी सांगावे. डुलकी घेणाऱ्या किंवा अकारण चुळबुळणाऱ्या मुलाच्या डायरीत शेरा लिहिण्यापूर्वी बाई हा रकाना पाहतील, असे ठरले आहे. पत्रके येत्या शनिवारच्या पालक-सभेत मिळतील. भरून सोमवारपर्यंत वर्गात द्यावीत. आजी-आजोबा मुलाजवळ झोपत असतील तर रकाना त्यांना विचारून भरावा, कारण रात्रीचे खरे त्यांनाच माहीत असते.